पारंपरिक म्हणून छापलेली ओळ

माझ्या नातीच्या बँडचा पहिला आल्बम आला, तेव्हा तिनं माझ्या दोन्ही कानांत ती पांढरी बोंडं खुपसली आणि म्हणाली, “आजी, सहावं गाणं ऐक. तुझं आहे.”

तिला म्हणायचं होतं, तू दिलेलं. तिला ठाऊक नव्हतं की ते खरोखरच माझं आहे. चाल कोळणींची, कोणाचीच नाही आणि सगळ्यांची. पण त्या दोन ओळी मी केलेल्या, एकोणिसाव्या वर्षी, एका मांडवात, चिडून. आल्बमच्या माहितीत मात्र त्या गाण्यापुढे लिहिलंय, ‘शब्द : पारंपरिक’. परंपरा म्हणजे काय, तर दोन वेण्या घातलेली, काठीसारखी उंच, स्वतःला फार देखणी समजणारी एक पोरगी.

हे मी इतके दिवस कोणाला सांगितलं नाही, कारण एका बाईला तसा शब्द दिला होता. ती मातीत जाईपर्यंत मी तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं. आता ती मातीत आहे. तरीही नावं लिहिणार नाही, तिचंही नाही आणि माझंही नाही. बँडचंसुद्धा नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आमच्याकडे कोणाचं काही लपत नाही.

तर ते गाणं नातीला मी कसं दिलं, ते आधी सांगते, कारण खरी लबाडी तिथं झाली.

आम्ही तुळिंजला चौथ्या मजल्यावर राहतो. मी सकाळी करंदी सोलत बसले होते आणि नात फोन माझ्या तोंडासमोर धरून बसली होती. त्यांच्या बँडला जुनी गाणी हवी होती. गिटार, ड्रम आणि आपलं मातीचं घुमट, असं सगळं एकत्र करून ही मुलं गाणी करतात. मी तिला लग्नातली पाच-सहा गाणी म्हणून दाखवली. ती प्रत्येकाला मान डोलवायची आणि म्हणायची, “हे आहे आजी यूट्यूबवर. हेपण आहे. असं काही नाही का, जे कोणाकडेच नाही?”

हे ऐकून मला राग आला. कोणाकडेच नाही असं माझ्याकडे काही नाही म्हणजे काय? मग मी ते म्हटलं. करंदीच्या हातांनी टाळ्या वाजवत, मान उडवत, जसं म्हणायचं असतं तसं.

होरी आली, जाली आली, नवरा कुठं गो ऱ्हायला?
तुज्या घरापरीस त्यानं दर्याच बरा गो पायला.

नातीचे डोळे मोठे झाले. “आजी! हे कुठलं? किती जुनं आहे?”

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण तिनं ‘जुनं’ हा शब्द असा उच्चारला होता, जसं सोन्याला सोनं म्हणतात. माझी ओळ माझी म्हणून सांगितली असती तर ती म्हणाली असती, वा आजी, छान. जुनी म्हटल्यावर ती तिला देव्हाऱ्यात ठेवणार होती. मी म्हटलं, “फार जुनं. माझ्या आजीच्याही आधीचं. जसंच्या तसं ठेवा हं, एक अक्षर इकडचं तिकडं करू नका.”

स्वतःच्या गळ्यात दोर कसा बांधावा, हे कोणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे या.

रेकॉर्डिंग सातिवलीला होतं. प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कारखान्याशेजारचा एक गाळा या मुलांनी घेतला होता आणि आतून भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवले होते. बाजूची मशिनं चालू असली की आवाज होतो, म्हणून शुक्रवारी, कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशीच तिथं काम चालायचं. मला डोक्यावर ते मोठे हेडफोन लावले. मी एकदा म्हटलं, खोकले, पुन्हा म्हटलं. मग मला खुर्चीवर बसवून चहा दिला आणि बाकीचं त्यांनी केलं.

काय केलं, ते कानात बोंडं गेल्यावर कळलं. त्यांनी ते इतकं हळू केलं होतं की दोन शब्दांच्या मधे मी भात लावून आले असते. सुरुवातीला माझा आवाज, तुटका, मग घुमटाचा एकच ठोका, मग गिटार, आणि मग नात गायला लागते. जी ओळ मी समोरच्या बाईच्या नाकापुढे बोटं नाचवत म्हटली होती, ती आता कोणीतरी वाळूत बसून, दर्याकडे बघत, स्वतःशी म्हणत होतं. चेष्टेचं रडणं झालं होतं. शब्द एकही बदललेला नव्हता.

नातीच्या डोळ्यांत पाणी. “किती दुःख आहे ना यात आजी? कोण असेल ग ती बाई, जिनं हे केलं?”

“असेल कोणीतरी,” मी म्हटलं. “रिकामटेकडी.”

आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले, कारण मला ती दुसरी बाई दिसत होती. जिच्यावर केलं ती.

आमच्या पाचूबंदरात, माझ्या दर्याकाठच्या गावी, लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींवर ओळी टाकायच्या. कोणाच्या नाकावर, कोणाच्या चालण्यावर, विहिणीच्या स्वयंपाकावर. राग मानायचा नाही, उत्तर द्यायचं. उत्तर दिलं की फिटलं. उत्तर आलं नाही तर ती ओळ त्या माणसाला चिकटायची, चार-सहा महिने मुलंबाळं ती म्हणत फिरायची. एवढाच खेळ.

त्या वर्षी माझ्या मामेभावाचं लग्न होतं. नवरी दोन गल्ल्या सोडून पलीकडची. नवरीची मोठी बहीण, जिला मी इथं थोरली म्हणेन, तिचं लग्न होऊन जेमतेम सहा महिने झाले होते, आणि तिच्या जिभेपुढे आमच्या बाजूची एकही बाई टिकत नव्हती. माझ्या आत्याला गप्प केलं, मामीला गप्प केलं. मग तिची नजर माझ्याकडे वळली.

“नवऱ्याची बहीन कशी बांबूवानी वालली, बोंबील घाला वरती तिच्या, मांजर बघून पलली!”

अख्खा मांडव हसला. माझी स्वतःची आई हसली. मी त्या दिवसासाठी नवी साडी नेसले होते, केसांत अबोली माळली होती, आणि समोरच्या बाकावर ज्यानं मला पाहावं असं मला वाटत होतं तो डोळे पुसत हसत होता. (पुढे त्याच्याशीच लग्न झालं. तो जन्मभर मला अधूनमधून बोंबील म्हणायचा. गेला बिचारा.)

घुमटाचं एक आवर्तन होईपर्यंत उत्तर द्यायचं असतं. तेवढ्यात मला सुचलं. थोरलीचा नवरा लग्नाला नव्हता. बाकी सगळ्या होड्या लग्नासाठी आल्या होत्या, त्याची यायची होती. सकाळपर्यंत येईल असं सगळे म्हणत होते. मी उभी राहिले, हात कमरेवर ठेवला आणि ती ओळ टाकली. होडी आली, जाळी आली, नवरा कुठं राहिला? तुझ्या घरापेक्षा त्यानं दर्याच बरा पाहिला.

असा हशा मी पुन्हा आयुष्यात कधी मिळवला नाही. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या मांडीवर थापा मारत होत्या. घुमट वाजवणारा वाजवायचं विसरला. थोरलीही हसली, हे मला पक्कं आठवतं. तिनं पदर खोचला, तोंड उघडलं, उत्तर येणारच होतं. तेवढ्यात जेवणाची हाक आली आणि सगळे पानांकडे धावले.

दुसऱ्या दिवशी चर्चमधलं लग्न लागलं. दुपारी मांडवात जेवणं चालू असताना त्याची बोट आली. पाच जण गेले होते, चार उतरले. जाळं ओढताना पाय घसरला, म्हणाले. शोधलं, म्हणाले. थोरली वाढत होती. तिच्या हातात भाताचं भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं, नीट ठेवलं, झाकण लावलं, आणि मग ती किनाऱ्याकडे चालत गेली. ती धावली नाही. का कोण जाणे, मला त्याचीच भीती वाटली.

त्याचं प्रेत मिळालं नाही. प्रेत नाही म्हणून पेटी नाही, पेटी नाही म्हणून कबर नाही. मेल्याचा दाखला नाही, म्हणून ती ना विधवा, ना लग्नाची. फादरांनी चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्साची प्रार्थना केली, पण त्यांनाही नेमकं काय म्हणावं ते कळत नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी येऊन सांगितलं की त्याला वेरावळच्या बंदरावर पाहिलं, दाढी वाढवलेली होती. पाहिलेला माणूस कोण, कोणालाच सांगता येईना. पण अशा गोष्टीला लोकांच्या तोंडी बसायला चाल लागते, ती मी आधीच लावून ठेवली होती. पोरं विहिरीवर म्हणायची. ती पाण्याला आली की थांबायची, गेली की पुन्हा सुरू करायची.

थोरलीनं त्यानंतर कोणाला उत्तर दिलं नाही. कशालाच नाही. बाजारात मासळी विकायची तीसुद्धा बोटांनी भाव दाखवून.

आणि मी? मी काय केलं ते ऐका. दोन वर्षांनी अर्नाळ्याला एका लग्नाला गेले होते. तिथं बायका ओळी टाकायला लागल्या आणि त्यात माझी ओळ आली. अनोळखी बायका, दुसरं गाव, आणि माझी ओळ. मला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. छे. माझी छाती फुगली. मी शेजारणीला कोपरानं ढोसून सांगणारच होते की हे माझं, तेवढ्यात थोरलीचा तो भातावर झाकण ठेवणारा हात आठवला आणि मी पाणी प्यायले. एवढाच काय तो माझा पश्चात्ताप. एक पेला.

मग लग्न, मुलं, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार, पुढे मुलाची नोकरी आणि तुळिंजचा फ्लॅट. पाचूबंदरला सणावारी जायचे. थोरली दिसली की मी रस्ता बदलायचे. जवळपास पन्नास वर्षं मी रस्ते बदलले. त्या मांडवातल्या बायका एकेक करून गेल्या, विहिरीवरची पोरं मोठी होऊन ती ओळ विसरून गेली. शेवटी हे जाणणाऱ्या आम्ही दोघीच उरलो.

आणि मग हा आल्बम.

सुरुवातीला तो आमच्याच लोकांनी ऐकला. मग काय झालं मला नीट सांगता येणार नाही, पण रिक्षात ऐकू यायला लागला, केक विकणाऱ्याच्या दुकानात ऐकू यायला लागला. उत्तन, गोराई, डहाणू, अलिबाग, सगळीकडे मुलांनी गिटारी काढल्या आणि आपापल्या आज्यांकडे धाव घेतली. आमच्या पट्ट्यात आता कोणतीही म्हातारी सुखानं जांभई देऊ शकत नाही; तोंड उघडलं की समोर मोबाइल. नातीला लोक म्हणायचे, तुमच्या आल्बममुळे आम्ही आमच्या भाषेत गायला लागलो. हे खरं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. पण सगळ्यांना आवडायचं ते सहावं गाणं. संध्याकाळी पाचूबंदरच्या वाळूत मोटरसायकली उभ्या करून मुलंमुली ते लावून बसायची. दर्यानं नवरा नेलेल्या त्या बाईसाठी परक्या गावची मुलं डोळे पुसायची.

एक दिवस एका बाईंचा फोन आला. त्या आल्बमवर मोठा लेख लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, “आजी, या दोन ओळी म्हणजे एका अनाम स्त्रीची प्रतिभा आहे. त्या कोणाच्या, काही कळू शकेल का?”

प्रतिभा! मी खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. मी म्हटलं, “दोन दिवसांनी फोन करा.” आणि कपाटातून ठेवणीतली साडी काढून तिची घडी मोडली, फोटो काढतील म्हणून. आरशासमोर उभी राहून ‘मला आपलं सहज सुचलं’ हे वाक्य म्हणून बघितलं. सत्तरीच्या बाईनं. त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला मी इतकी हसते, पण ती कुठं गेलीच नव्हती, फक्त तिचे दात गेले होते.

साडीला इस्त्री करताना मनात आलं, थोरली आहे अजून. तिला विचारायला हवं. माफी मागायला नव्हे हं. परवानगी मागायला गेले मी.

ती घरासमोर खाटेवर बसून बोंबलांच्या शेपट्या कापत होती. भावाच्या घराला लागून तिची एक खोली. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं वर पाहिलं.

“बस. काय गो बाय, आज रस्ता चुकलीस?”

म्हणजे तिला माहीत होतं. पन्नास वर्षं मी गल्ल्या बदलत होते आणि ती बघत होती.

मी बसले. मग विचारलं, “ते गाणं ऐकलंस?”

“बहिरी नाय मी.” कात्री चालूच. “भाचा लावतो मोबाइलवर. बोलतो, आत्या, तुज्यासारखंच हाय बघ, तुज्या नवऱ्यासारखं. आनि रडतो. चाळीस वर्साचा घोडा, रडतो.”

“तू काय म्हणालीस त्याला?”

“काय बोलनार? बोलले, हां बाबा, दुःख हाय.”

मांजर आलं, तिनं त्याला एक शेपटी टाकली. मी धीर करून सांगितलं, की लेख लिहिणाऱ्या बाई विचारतात कोणाची ओळ, आणि तुझी हरकत नसेल तर.

तिनं कात्री खाली ठेवली. “तुजं नाव पायजे तुला?”

मी मान खाली घातली. घातली, पण ‘नाही’ म्हणून हलवली नाही.

“तुजं नाव आलं की इचारतील, कोनावर केलंस. मग माजं घर दाखवतील. आता गो त्या गान्यात एक बाई हाय, तिचा नवरा दर्यानं नेला. लोक रडतात तिच्यासाठी. कोन बोलत नाय का तो पलाला, वेरावळला गेला. पयल्यांदाच कोन बोलत नाय.” तिला दम लागला. “तू तोंड उघडलंस का ती बाई परत मी होनार. मी मातीत जाईपर्यंत गप ऱ्हा. मग काय पायजे ते कर.”

“बरं,” मी म्हटलं.

“आनि एक.”

“सांग.”

“पयली ओळ ऱ्हाऊ दे. होरी आली, जाली आली, तसंच झालं, ते खरं हाय. पन ती दुसरी.” ती दर्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. “हळू म्हटली तरी ती दुसरी ओळ तीच हाय. दर्या बरा नाय पायला त्यानं. त्याला घरी यायचं व्हतं. माज्या बहिनीच्या लग्नाला नवीन शर्ट घेतला व्हता त्यानं, तसाच पडला घडीचा. तेवढं बदलायला सांग तुज्या नातीला. का ते सांगू नको. बदल फक्त.”

मी म्हटलं, बदलते. वचन दिलं. माझी नात, माझी ओळ, त्यात काय कठीण?

निघताना मी विचारलं, “त्या दिवशी तुझं उत्तर काय होतं ग? तुझ्या तोंडात आलं होतं.”

“व्हतं,” ती म्हणाली आणि कात्री उचलली. “तुला कशाला?”

परतीच्या रिक्षातच मी नवी ओळ केली. ‘घरची वाट धरली व्हती, दर्यानं नाय सोरला.’ घरचीच वाट धरली होती, दर्यानंच सोडला नाही; चालीत बसत होती. दोन-चारदा म्हणून बघितली, रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. लेखवाल्या बाईंना फोन करून सांगितलं, माहीत नाही हो, फार जुनं आहे. साडी पुन्हा कपाटात गेली. आणि संध्याकाळी नात आली तशी तिला म्हटलं, “बाळा, त्या सहाव्या गाण्यात एक चूक झालीय. दुसरी ओळ मी चुकीची सांगितली.”

ती सोफ्यावर पाय घेऊन बसली. “म्हणजे?”

मी नवी ओळ म्हटली. ती लक्ष देऊन ऐकत राहिली. मग हसली. “आजी, ही बरीच गुळगुळीत आहे. पहिल्या ओळीला जी धार आहे ना, ती हिच्यात नाही. कोणीतरी नंतर मवाळ केलेली वाटते.”

गाण्यातलं कळतं तिला.

“पण खरी हीच आहे.”

“आजी, तू आधी ती पटकन म्हटलीस, एकदम आतून आली. माझ्याकडे फोनवर आहे, टाळ्यांसकट. आणि अर्नाळ्याच्या दोन म्हाताऱ्यांनीपण मला तीच सांगितली, सेम शब्द. त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकली होती.”

माझी ओळ अर्नाळ्याला जाऊन, तिथं म्हातारी होऊन, माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला परत आली होती.

“तरी बदल ना. माझ्यासाठी.”

“आजी, तसं नसतं यार.” ती आता खरंच गंभीर झाली होती. “लोकगीतातले शब्द बदलायचे नाहीत, हा आमच्या बँडचा एक नंबरचा नियम आहे. लोक गोड-गोड करून टाकतात सगळं. आम्ही करणार नाही. आणि हा नियम आम्हाला कोणी घालून दिला, सांग?”

“कोणी?”

“तू! एक अक्षर इकडचं तिकडं करू नका, म्हणालीस. मी ते सगळ्या मुलाखतींत सांगते.”

मी तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं का? रोज विचार करते. पण दोन वचनं एकमेकांच्या अंगावर येत होती. ओळ बदलायची तर कारण सांगायला लागत होतं, आणि कारण सांगायचं नव्हतं. नंतर मी सणांना, वाढदिवसाला, दुखणं काढून, सगळ्या तऱ्हांनी मागणी केली. नातीनं शेवटी तिच्या आईला हळूच विचारलं, आजीला हल्ली काही आठवत नाही का नीट? मग मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं मला पाच वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली. मी पाचही सांगितली, आणि वर त्यांच्या टेबलावर काय काय आहे तेही सांगितलं. पण घरातल्यांचं मत बदललं नाही.

थोरलीकडे पुन्हा गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार? परत रस्ते बदलायला लागले.

मग ती गेली. साधा ताप आला, आठ दिवसांत संपलं. तिच्या भाच्याचा नातीला फोन आला. “आत्याला तुमचं गाणं फार आवडायचं. माझ्या मोबाइलवर ऐकत बसायची. तिचा नवरापण दर्यात गेला होता. मातीला तुम्ही ते म्हणाल का?”

हे मला दफनभूमीत पोहोचेपर्यंत माहीत नव्हतं. फादरांची प्रार्थना झाली. पेटी दोरांवर धरली होती. आणि नातीनं गिटारचं कव्हर उघडलं. घुमटवाला मुलगा पुढे आला. भोवती सगळं पाचूबंदर, आणि बरीच तरुण मुलं, जी थोरलीला ओळखतसुद्धा नव्हती, गाण्यासाठी आली होती.

नात माझ्या जवळ आली. “आजी, तू सुरू कर ना. तुझ्या आवाजात सुरू होतं ते. या भाऊंची तशी इच्छा आहे.”

भाचा हात जोडून उभा होता. मी पेटीकडे बघितलं. अजून ती मातीत गेली नव्हती, हातभर वर होती. बोलायचं नव्हतं. पण बदलायचं मात्र राहिलं होतं, आणि एवढी माणसं पुन्हा कधी जमणार?

मी पुढे झाले. पहिली ओळ म्हटली, त्यांच्यासारखी हळू, मला जमेल तशी. घुमटावर ठोका पडला. आणि दुसऱ्या ओळीला मी म्हटलं, “घरची वाट धरली व्हती, दर्यानं नाय सोरला.”

क्षणभर सगळे थांबले. गिटारचा हातही थांबला. मला वाटलं, ऐकलं यांनी. मग नातीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या कानाशी वाकून, फार मायेनं, जशी परीक्षेत विसरलेल्या मुलाला आई आठवण करून देते तशी, मूळ ओळ पुटपुटली. म्हातारीला ओळ आठवत नाही हे सगळ्यांनी ओळखलं. आणि मला सांभाळून घ्यायला सगळे गायला लागले. दीड-दोनशे माणसं, हळू, सुरात, एकही अक्षर इकडचं तिकडं न करता.

तुज्या घरापरीस त्यानं दर्याच बरा गो पायला.

‘तुज्या’ म्हणताना ती सगळी पेटीकडे बघत होती.

मी माझी ओळ पुन्हा म्हटली, ओरडूनच म्हटली. शेजारची एक मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि नुसत्या ओठांनी मला बरोबर शब्द दाखवायला लागली. भाचा रडत होता. दोर सैल होत गेले आणि पेटी खाली टेकल्याचा आवाज आला, गाण्यातून नीट ऐकू आला. मी तोंड मिटून घेतलं.

कोणीतरी माझं कोपर धरून मला कडेला नेलं. “माती टाका, आजी.”

मी मूठभर उचलली, टाकली. बाकीचे ती ओळ तिसऱ्यांदा म्हणत होते.